उशीच्या बदल्यात वीज

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आमचे गादीवाले चाचा आधी भिंतीकडे बघत आणि मग माणसांकडे. जाड पिन बसेल असा बोर्ड नजरेला पडला की मगच ते सलाम करून खुर्चीत टेकत.

रहिमतपुरात माझ्या घराला लागून त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. साठी ओलांडल्यावर त्यांनी विजेवरची गाडी घेतली आणि त्या दिवसापासून जगातली सगळी अंतरं त्यांच्या लेखी किलोमीटरची न राहता युनिटची झाली. ‘‘मास्तर, घरच्या मीटरवर गाडी रुपया-सव्वा रुपयात किलोमीटर जाती. पेट्रोलला तेवढ्यात नुसता वास येतो,’’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शाळेत असतो तर फळ्यावर लिहून ठेवलं असतं.

रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर मात्र ते गाडी नेत नसत. तिथला दर घरच्या दुपटीहून जास्त. ‘‘तितं पैसं भरायचं तर पेट्रोलनं काय घोडं मारलं हुतं?’’ म्हणून ते ओळखीपाळखीच्या घरी गाडी लावत. तीन-चार तास लागायचे. तेवढ्यात ते डिकीतली गादी काढून त्या घराच्या ओसरीवर अंथरत आणि गाढ झोपत. निघताना यजमानांना एक नवी कोरी उशी देत. उशीची किंमत स्टेशनवर वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होते, हे मी एकदा त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘उशी मायेची हाय. ती खर्चात धरत न्हाईत.’’

एकदा अभ्र्यांचं कापड आणायला आम्ही पुण्याला गेलो. परतताना जेजुरी, नीरा करत लोणंदला आलो तेव्हा गाडीत सात टक्के उरले होते. ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर आलो होतो त्यांच्या दाराला कुलूप. आता लोणंदात ओळखीचं एकच घर उरलं, चाचांच्या थोरल्या भावाचं. आणि त्या घराची पायरी चाचा बारा वर्षांत चढले नव्हते.

कारण मला ठाऊक होतं. चाचांच्या मुलीच्या लग्नादिवशी थोरले भाऊ फुलं आणायला चाचांची स्कूटर घेऊन गेले. ती परत आली, चाचा तिच्यावर बसून निघाले आणि अर्ध्या वाटेत पेट्रोल संपलं. नव्या शेरवानीत मुलीचा बाप स्कूटर ढकलत मांडवात पोचला, तेव्हा काझीसाहेब दुसऱ्यांदा चहा घेत होते. त्याच आठवड्यात चाचांनी स्कूटर विकली आणि भावाशी बोलणं टाकलं.

‘‘चाचा, आज चार्जिंग स्टेशनवर जाऊ. पैसे मी देतो,’’ मी म्हणालो.

त्यांनी स्टेशनचा दर आठवला असावा. गाडी भावाच्या गल्लीत वळवली.

थोरले दारातच होते. चाचांनी सलाम केला नाही. ‘‘पंधरा अँपिअरचा बोर्ड हाय का?’’ एवढंच विचारलं.

‘‘हाय,’’ थोरले म्हणाले.

वायर लावली आणि दहा मिनिटांत वीज गेली.

‘‘आज दुरुस्तीचा वार हाय. पाचला येती,’’ थोरले शांतपणे म्हणाले.

‘‘मग आदी सांगायचं.’’

‘‘तू कुठं इचारलंस? तू फकस्त बोर्ड इचारलास.’’

दुपारचा एक वाजला होता. भाभींनी जेवायला वाढलं. दोघे भाऊ दोन भिंतींकडे तोंड करून जेवले. चाचांनी गादी अंथरली, पण डोळा लागेना. बऱ्याच वेळानं थोरल्यांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं.

‘‘हिला टाकी कुठं हाय?’’

‘‘हिला टाकी न्हाई.’’

‘‘बरं हाय मग.’’ ते पुन्हा येऊन बसले. ‘‘तुझ्या स्कूटरच्या टाकीला भोक हुतं. मी भरून आणली हुती. वाटंनं गळून गेली.’’

चाचा उठून बसले. ‘‘मग बोलला का न्हाईस?’’

‘‘तू बोलू देत हुतास व्हय?’’

चाचांनी टोपी काढली, परत घातली. मग डिकीपाशी जाऊन एक उशी आणली आणि भावापुढं ठेवली.

थोरल्यांनी ती दाबून बघितली. ‘‘एकच? आमी दोघं ऱ्हातो घरात.’’

पाचला वीज आली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

त्यानंतर चाचांना लोणंदला सारखं काम निघू लागलं. पुढच्या वर्षी भाभी वारल्या, थोरले एकटे पडले, तेव्हा चाचांनी रहिमतपूरचं दुकान एका चुलत पुतण्याच्या हाती दिलं आणि बिऱ्हाड लोणंदला हलवलं. जाताना मला म्हणाले, ‘‘येत जावा.’’ पुतण्या तयार गाद्या आणून विकू लागला, शेजारची कापूस पिंजण्याची घरघर थांबली आणि माझी दुपारची झोप गेली.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो, तर दोघांत अबोला होता. वीजबिल कुणी भरायचं यावरून. थोरल्यांना भरायचं होतं, चाचांनाही भरायचं होतं. एकाच बाकावर बसून दोघं माझ्यामार्फत बोलत होते. ‘‘मास्तर, त्याला सांगा, च्या निवतोय.’’ मी सांगितलं. ‘‘त्याला सांगा, गोळी घेतली का इचारलंय.’’ मी विचारलं.

निघताना दोघंही मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी वळून पाहिलं, तर परत जाताना चाचांनी थोरल्यांचा हात धरला होता. तिथली पायरी जरा उंच आहे.