वाळूतली फुलं

हिंगणघाटच्या आमच्या घरात फुलं वाळवायचं काम बायको करायची. वेणा नदीची बारीक वाळू धुऊन, चाळून, उन्हात तापवून ठेवायची आणि लोकांनी आणून दिलेल्या लग्नाच्या हारांतली फुलं डब्यात त्या वाळूखाली पुरायची. दोन-तीन आठवड्यांनी गुलाब थोडा काळपट होऊन निघे, पण आकार तसाच राही. मग ती काचेच्या फ्रेमा करायची. पाकळ्या उडतात म्हणून वैशाखातही पंखा बंद ठेवायला लावायची.

माघात ती अचानक गेली. फळीवरच्या डब्यांना मी हात लावला नाही.

उन्हाळ्यात एक मुलगी आली. तिचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती आणि हाराची फ्रेम न्यायला माहेरी आल्यावर थेट माझ्याकडे आली होती. काकू घरात आहेत का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, तशी ती उंबऱ्यावरच बसली.

"मले कोणी सांगतलंच नाई," ती म्हणाली.

थोड्या वेळानं, राहू द्या काका, म्हणून ती उठली. पण तिला रिकाम्या हातानं पाठवणं मला जमेना. डबे खाली काढले. दुसऱ्या डब्यात तिचा हार निघाला. मी पहिला गुलाब ओढला आणि त्याच्या पाकळ्या माझ्या बोटांतच तुटल्या. फुलं फार दिवस वाळूत राहिल्यानं पापडासारखी झाली होती. काकू डबा तिरपा करून वाळू हळूहळू सांडू देत, हे तिनं पाहिलं होतं. तसं केलं. पंखा बंद करून दोघं खाली बसलो. मी मऊ ब्रशनं वाळू झाडत होतो, ती एकेक फूल पुठ्ठ्यावर चिकटवत होती. घाम गळत होता.

नवरा कारखान्यात असतो, पाळी बदलत राहते, शेजारी दार उघडत नाहीत, असं ती सांगत राहिली.

"दिवसभर बोलाले कोणी नाई, काका."

"इथंही नाई," मी म्हणालो.

कितीतरी महिन्यांनी मी हे कोणाला तरी सांगितलं होतं. तिनं मान वर केली नाही, एक शेवंती मात्र माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी फ्रेम झाली, जराशी वाकडीच. ती ओढणीत गुंडाळून घेऊन निघाली. माहेरी आली की येजो, असं मी म्हटलं. हो म्हणाली. दिवाळीत ती आली नाही; तिची आईच पुण्याला गेली, असं नंतर कळलं.

उरलेल्या हारांच्याही मी फ्रेमा केल्या. त्यांचे लोक येऊन घेऊन गेले. एक मात्र कोणी न्यायला आलं नाही, म्हणून ती बैठकीत लावली आहे. कोणाच्या लग्नाची, असं आलेगेले विचारतात. तसे येणारे थोडेच. मला ठाऊक नाही, असं सांगतो आणि त्यांना चहा घेऊन जायला सांगतो.