कोरमची चौथी सही

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, भाताच्या लावणीच्या दिवसांत, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची सभा कोरमअभावी अडली. खोलीत सहा पुरुष बसले होते.

त्यांतले तिघे सदस्य, उरलेले तिघे सदस्यांचे नवरे. माझे वडील त्या नवऱ्यांपैकी. आई राखीव जागेवर निवडून आली होती, पण सभेला वडील जात. संध्याकाळी नोंदवही घरी येई आणि आई चुलीपुढे बसून सही करी. तिन्ही घरांत हीच रीत होती. नव्या ग्रामसेवकाने ती मानली नाही. सातांपैकी चार सदस्य समोर हवेत, असे त्याने सांगितले. चौथा पुरुष सदस्य पुण्याला गेला होता. बाकीच्या दोन बायकांपैकी एक माहेरी, एक बाळंतीण.

त्या सभेपुढे आमच्या वाडीच्या हातपंपाचा ठराव होता. तो दुसऱ्याच दिवशी घोडेगावला पंचायत समितीत पोचायला हवा होता, नाहीतर वर्ष जाणार होते. उन्हाळ्यात आई अर्धा डोंगर उतरून पाणी आणत असे. मागणी तिचीच होती.

वडील धापा टाकत खाचरावर आले. आई, मी आणि दोन शेजारणी रोपं लावत होतो.

“अगं, चल. कोरम न्हाई.”

“कोरम म्हंजी काय?”

“मलाबी आजच कळलं. आमी सहा जण हाये, पण तू न्हाईस, म्हणून सभाच व्हत न्हाई.”

“आन् ही रोपं?”

“मी लावतो.”

आमच्याकडे चिखल पुरुष करतात, लावणी बायका. वडिलांनी तोवर एकही रोप लावले नव्हते. आईने बांधावर पाय धुतले आणि ती गेली.

“भावजी, रोपं लावताय का खुंट्या ठोकताय?” एक शेजारीण म्हणाली.

“गप गं,” दुसरी म्हणाली, “मेंबरबाईंचं मालक हायेत ते.”

“हायेच,” वडील म्हणाले. मान वर केली नाही.

आई दीडेक तासाने परतली.

“झाला ठराव. चौथी सही माझी.”

“वाचून केलीस?”

“दोनदा.”

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक ठराव घेऊन घोडेगावला गेला. वडिलांनी लावलेल्या वाकड्या ओळी आईने तशाच ठेवल्या. पुढच्या सभेची नोटीस आली, ती वडिलांनी तिच्या हातात दिली. हातपंप मार्चमध्ये बसला.