काचेसारखं पाणी

आमच्या गावाला हिरव्या पाण्याची लाज वाटते. कागल तालुक्यातल्या या गावचं तळं गेल्या उन्हाळ्यात एकाएकी निवळलं, तेव्हा एस.टी. स्टँडपासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले. त्यांवर तळं तळहाताएवढं आणि तळे सुधार समितीचे अध्यक्ष पुरुषभर. हे अध्यक्ष म्हणजे गावातल्या खता-औषधांच्या दुकानाचे मालक. मी त्यांना काका म्हणते. म्हणावं लागतं.

तळं कशानं निवळलं, हे त्यांच्या दुकानात उभं राहिलं तरी कळलं असतं. उसातल्या तणासाठी काका तीन वेगवेगळी तणनाशकं देत. प्रत्येकाची मात्रा अर्धी आणि तिन्ही एकाच पंपात. गिऱ्हाईक बिचकलं तर म्हणत, "मिसळ हाय ही, पावणं! नुसती मटकी खाऊन कुणाचं पोट भरलंय व्हय?" गाव हसायचं आणि फवारायचं. पंप मात्र धुवायचं तळ्यावर. त्यात वळवाच्या पावसानं शिवारातलं पाणी तळ्यात आणलं, आणि आठवड्याभरात तळ दिसायला लागला.

मी तेव्हा कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना मला अजूनही देवळात शिरल्यासारखं होतं. तळ्याचा एक थेंब आधी पाहिला होता, त्यात हिरव्या चकत्या, पोपटी धागे, काचेच्या होड्यांसारखी शैवालं, सगळी गर्दी होती. आता रिकामी कवचं आणि फिकट चिंध्या. मग मी बरण्यांत दुसऱ्या तळ्यातलं जिवंत शेवाळ घेतलं. एकेक तणनाशक एकेका बरणीत घातलं, तेव्हा ते फिकं पडलं आणि पुन्हा सावरलं. तिन्ही मिळून, तेवढ्याच मात्रेत घातली, तर बरणी काचेसारखी झाली. अर्धं अर्धं म्हणजे काहीच नाही, हे काकांचं शास्त्र शेवाळाला मान्य नव्हतं.

हे सगळं मी बरण्यांतच ठेवलं असतं. पण समितीनं ठरवलं की एवढं चांगलं पाणी वाया कशाला घालवायचं? शाळा उघडेल त्या दिवसापासून ते नळानं पोरांना प्यायला द्यायचं. ज्या शाळेत मी पाटीवर अक्षरं गिरवली, तिथं.

मी दुकानात गेले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, शेवाळ गेलं म्हंजे घाण गेली. तुला बारीक बघायची सवय लागलीया. जरा मोठं बघ की!"

शाळा उघडली त्या दिवशी नळाच्या उद्घाटनाला त्यांनी मलाच व्यासपीठावर बसवलं. गावची पहिली एम.एस्सी. शोभेला बरी. माझ्या हातात माइक आला तेव्हा मी बरण्यांत दिसलं ते सांगितलं आणि सरळ म्हटलं, की शेवाळ ज्यानं मेलं ते या पाण्यात असणार, तपासणी होईपर्यंत मुलांना हे पाणी देऊ नका.

मागून एकजण ओरडला, "मग तुमच्या कॉलेजात काय शेवाळ पित्यात काय ओ?"

अख्खं मैदान हसलं. काका उठले, नव्या नळाखाली पेला धरला, घटाघटा प्याले आणि मिशी पुसत म्हणाले, "मेलो काय?"

शिट्ट्या, टाळ्या. काका मेले नाहीत, गावाला तेवढा पुरावा पुरला. उसातल्या तणासारखा माणूस चार दिवसांत पिवळा पडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. रोज पिणाऱ्या पोरांचं काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं. काकांनाही नव्हतं. पण माहीत नसताना छाती काढणं आमच्याकडे कर्तबगारी समजली जाते.

काका खुर्चीत बसले आणि सवयीनं समोरची विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली फोडून घोट घेतला.

शेजारी आमच्या हेडबाई उभ्या होत्या. माझी कॉलेजची फी भरायची मुदत टळू नये म्हणून एकदा भर पावसात माझ्याबरोबर कोल्हापूरला आलेल्या याच बाई. त्यांनी काही भाषण केलं नाही. व्यासपीठावरच्या सगळ्या बाटल्या गोळा करून टेबलाखाली ठेवल्या, नळाच्या पाण्याचे पेले भरून प्रत्येक पाहुण्यापुढे मांडले आणि म्हणाल्या, "घ्या. लेकरांआधी पावण्यांचा मान."

उपसरपंचांना तेवढ्यात फोन आला. दुसऱ्या एकाचा म्हणे उपास होता, पाण्याचासुद्धा. तिसरा नुसता पेला हातात घेऊन त्यात बघत राहिला, जणू त्यालाही सूक्ष्मदर्शक मिळाला होता. काका म्हणाले, "बाई, मी पिलोय की आत्ता!"

"आता रोज येऊन प्या की. पोरांनी रोजच प्यायचं हाय न्हवं?" बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. पेले तसेच राहिले. बाईंनी नळाची तोटी बंद केली, मुलांना शाळेच्या जुन्या बोअरच्या नळाकडे पाठवलं आणि मला सांगितलं, "तुझी ती बरणी घेऊन उद्या शाळेत ये. सातवीला दाखव."

खाली उतरताना काका माझ्या कानाशी म्हणाले, "तुला शिकवून गावाची चुकी झाली."

मी बाईंच्या मागून बोअरच्या नळावर पोरांची रांग लावायला गेले.