बुधवारची लस

लेकीला नऊ महिने पूर्ण झाले आणि गोवराची लस द्यायची वेळ आली. आमचे मुलांचे डॉक्टर नेमके मुलीकडे अमेरिकेला गेलेले. पुण्यातले अर्धे ज्येष्ठ नागरिक हल्ली तिकडेच नातवंडं राखत असतात. राहिला कसबा पेठेतला महापालिकेचा दवाखाना, आणि तिथे लसीकरण फक्त बुधवारी.

"बुधवारी नको," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी केलेलं दुप्पट होतं."

सासूबाईंनी शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं. नवऱ्याला विचारलं, तर तो लॅपटॉपमागून म्हणाला, "दोघींचाही पॉइंट बरोबर आहे." अशीच माणसं कंपनीत मॅनेजर होतात. न कर्त्याचा वार शनिवार म्हणतात. आमच्या घरी तो बुधवार होता. पहिला असाच गेला. दुसऱ्या बुधवारी बाळाला शिंक आली. एकच, आणि तीही फक्त सासूबाईंना ऐकू आली.

मग वरच्या मजल्यावरच्या मुलाला गोवर निघाला. त्याच जिन्याने आमची ये-जा. मी घाबरले, आणि घाबरले की मी वाद घालत नाही. पुढच्या बुधवारी सकाळी बाळाला टोपडं घातलं आणि कुणाला न विचारता निघाले. शनिवार पेठ संपेपर्यंत मागे चपला वाजत होत्या. वळून पाहिलं तर सासूबाई. अपशकुनावर देखरेख करायला आल्या असाव्यात.

नर्सने सुई टोचली. बाळाने अख्खी पेठ गोळा होईल असा सूर लावला.

"अर्धा तास बसा," नर्स म्हणाली. "सोळा महिन्यांची झाली की दुसरा डोस."

"घ्या आई," मी म्हणाले, "सरकारही तुमचंच मानतं. दुप्पट."

त्या हसल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि बाळाचा पाय हातात धरला.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगा होता," त्या म्हणाल्या. "त्याला गोवर झाला. बुधवारी नेला होता दवाखान्यात. घरी आणलाच नाही. तसं पुन्हा नको होतं मला."

मला लाज वाटली आणि रडूही आलं.

अर्धा तास केव्हाच उलटला होता. बाळ रडून रडून झोपलं होतं. सासूबाई उठल्या, त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं, आणि नर्सच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, "दुसऱ्या डोसाला हिला मी आणणार आहे. तोही बुधवारीच ना?"