मधलं बाक

सभागृहाच्या सुताराला सगळे मिस्त्री म्हणत, बायकोसुद्धा. निवडणूक झाली की कोणता पक्ष कुठे बसणार ते बघून बाकं हलवायची, हे त्याचं काम. तो कामाला लागला तेव्हा पक्ष उदंड होते. प्रत्येकाची रांग वेगळी, दोन रांगांमध्ये वाट. पुढे एकट्याच्या जिवावर सरकार बनत नाही, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं. छोटे मोठ्यांच्या वळचणीला गेले, कालचे हाडवैरी मांडीला मांडी लावून बसले, आणि मिस्त्री एकेक वाट बुजवत गेला. शेवटी दोनच बाजू उरल्या, उजवी आणि डावी. कोण कुणाकडे गेलं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

मधे एकच बाक उरलं होतं, त्यावर त्याच्या ताईचा नवरा बसायचा. पक्ष कसला, एकटा जीव! कुणाच्या दावणीला बांधून घेणार नाही, या एका शब्दावर भावजी दोनदा निवडून आले होते. एरवी राजकारण म्हटलं की नाक मुरडणारा मिस्त्री, पण तिसऱ्या खेपेला त्यानेही रजा टाकून घरोघर पायपीट केली, लोकांना स्वतःची जबान दिली.

भावजी निवडून आले आणि नेमका उजव्या बाजूला सरकार बनवायला एक माणूस कमी पडला. लगेच मिस्त्रीला कचेरीतल्या साहेबांचा हुकूम आला, मधलं बाक उजवीकडे घ्या. भावजींच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणून मिस्त्री बसून राहिला. साहेब भडकले, नोकरी जाईल म्हणाले. हा ढिम्म हलला नाही.

संध्याकाळी भावजी स्वतः आले. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले.

"दहा वर्षं मधे बसून नुसती भाषणं केली रे," ते शेवटी म्हणाले. "साधा दवाखाना आणता आला नाही. आता पाठिंब्याच्या अटीत पहिला दवाखानाच घातलाय."

ते खरंच होतं. दवाखान्यावाचून लोकांचे काय हाल होतात, ते मिस्त्रीने पाहिलं होतं.

"मग हे मतं मागताना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर निवडून आलो असतो?"

मिस्त्रीने पान्हा घेतला आणि बोल्ट सोडवले. बाक चांगलंच जड होतं, दुसरं टोक भावजींनी धरलं. दोघांनी ते नेऊन उजव्या रांगेला लावलं. आता घरी चल, ताईने जेवायला बोलावलंय, असं भावजी म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे," मिस्त्री म्हणाला. "ज्यांना मी जबान दिली होती, त्यांच्या दारात जाऊन येतो."