नव्वदच्या पुढचं गाणं

पिंपळे गुरवच्या बागेतल्या शेवटच्या बाकावरचा वाद तेरा वर्षं चालला होता, आणि तो मिटावा असं कुणालाच वाटत नव्हतं. सिनेमाची गाणी कुठल्या दशकात सगळ्यांत चांगली झाली, एवढाच मुद्दा. मोटार कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झालेले नंदकिशोर रावेतहून मुद्दाम येत. ते पन्नासच्या दशकाचे. तेव्हा शब्द लिहिणाऱ्याला भाषा येत होती, असं त्यांचं म्हणणं. सुमनताई त्याच कंपनीच्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. त्या कुठल्याच पक्षात नव्हत्या. तुम्हाला गाण्याचं कौतुक नाही, आपापल्या कोवळ्या वयाचं आहे, असं त्या तोंडावर सांगत.

आणि सत्तरच्या दशकाचे वकील होते ज्योतीराम. गाण्याच्या सुरुवातीच्या वाजवण्यावरून साल सांगणारा माणूस. त्यांचा युक्तिवाद मात्र एका वाक्यात संपायचा. “अठ्ठ्याऐंशीपतुर गाणं हाय. नव्वदच्या पुढं निस्ता गलका.”

ज्योतीराम सत्त्याहत्तर साली कोल्हापूरकडच्या खेड्यातून आले. कासारवाडीत पाच जणांत एक खोली आणि पाच जणांत एक ट्रान्झिस्टर. कंपनीत त्यांना प्रेस शॉप मिळालं. दोनशे टनी यंत्रं वरून आदळतात आणि सपाट पत्र्याचा मोटारीचा भाग होतो, असं ते काम. पहिला आठवडा डोकं भणभणत राहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना त्या आदळण्यातला ठेका सापडला, आणि मग पस्तीस वर्षं ते त्या ठेक्यावर मनातल्या मनात गात राहिले. कानात घालायचे बोळे कंपनी देई. ते सगळ्यांच्याच खिशात असत. बोळे घातले तर यंत्राचा आवाज बदलतो, पत्रा तिरका सरकला तर कळत नाही आणि बोटं जातात, हे प्रेसवरचा प्रत्येक माणूस तुम्हाला शपथेवर सांगेल. बोटं वाचवायला त्यांनी कान दिले. हा हिशेब त्या वेळी कुणी मांडला नव्हता, एवढंच.

पण ज्योतीरामांना सगळी कंपनी ओळखत होती ती ‘साल लावणारे दादा’ म्हणून. चौऱ्याऐंशीच्या सुमारास भीमराज ड्रायव्हरने कंपनीच्या बसमध्ये टेप बसवला. त्याच महिन्यात एक म्हातारे हेल्पर निवृत्त व्हायचे होते. ते कंपनीत लागले त्या साली कुठली गाणी गाजत होती, ती शोधून ज्योतीरामांनी एक कॅसेट भरली, आणि शेवटच्या दिवशी बस घरी निघाली तेव्हा ती लावली. म्हातारा खिडकीकडे तोंड करून रडला. तेव्हापासून पद्धतच पडली. निवृत्त होणाऱ्याने फक्त रुजू झाल्याचं साल सांगायचं. गाणी निवडणार दादा. त्यात कुणाची फर्माईश चालत नसे. हार, नारळ, साहेबांचं भाषण हे सगळं उरकायचं म्हणून उरकायचं. अमक्याचं साल लागलं, म्हणजे तो खरा सुटला.

प्रेस शॉप पुढे चाकणला गेलं, कॅसेटची सीडी आणि सीडीचा पेनड्राइव्ह झाला, ज्योतीराम स्वतः निवृत्त झाले, तरी साल लावायचा मान त्यांचाच राहिला. त्यासाठी ते चाकणला जात आणि त्याच बसने परत येत. आतापर्यंतचे सगळे एकोणनव्वदच्या आतले होते. त्यानंतर दोन वर्षं कंपनीने भरतीच केली नव्हती. म्हणून अडचण कुणाच्या ध्यानात आली नाही. खुद्द ज्योतीरामांच्याही नाही.

मार्चमध्ये एका रविवारी समाधान बागेत आला. मूळचा पाटोद्याचा, चोविसाव्या वर्षी प्रेस शॉपला लागलेला. प्रेसवर हात कुठे ठेवायचा हे त्याला ज्योतीरामांनी शिकवलेलं. दहाही बोटं शाबूत घेऊन तो आता एकतीस तारखेला सुटणार होता. वाकून नमस्कार करून तो म्हणाला की दादा, माझं साल एक्याण्णव.

ज्योतीरामांनी बोटांवर सालं मोजली. मग त्यांनी तोडगा काढला. “त्या साली गाणी नव्हती रं. तुला सत्त्याहत्तरची लावतो. झकास हायत.”

समाधान आधी हसला. त्याला वाटलं, दादा नंदकिशोरांना डिवचायला बोलतायत. मग त्याचं हसू गेलं. “सत्त्याहत्तर तुमचं साल, दादा. मी तवा चौथीत होतो.”

नंदकिशोर मध्ये पडले. एक्याण्णवची गाणी आपल्याला आवडत नाहीत, पण ती रिक्षात, पानाच्या टपरीवर, लग्नात, सगळीकडे वाजत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्योतीराम हट्टाला पेटले. ते वाजणं म्हणजे गाणं नव्हे. त्यात नुसता ढोल असतो, शब्द तोंडातल्या तोंडात, बासरी नाही, काही नाही.

समाधान उठला. त्याने आवाज चढवला नाही. “मी लागलो त्या दिवशी पैल्या शिफ्टला बशीत गाणं चालू होतं. आख्खी बस गात होती. तुमी टेपच्या शेजारी बसला होता, दादा. मला वाटलं, इथं आपलं जमंल.” मग तो म्हणाला, “लावू नका मग कायबी. तसाच उतरतो.”

तो गेला. ज्योतीरामांना ती सकाळ आठवत होती. नवं पोरगं, पायात मोठे पडणारे सेफ्टी बूट, हातात डबा. गाणं मात्र आठवत नव्हतं. ज्या माणसाला बासष्ट सालचं गाणं पाठ, त्याला स्वतःच्या शेजारी वाजलेलं आठवत नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी विजयश्रीबाईंना, म्हणजे बायकोला, फोनवर एक्याण्णवची गाणी लावायला सांगितली. विजयश्रीबाईंनी एकामागून एक आठ लावली. ज्योतीरामांना ढोल कळला, मागची घुमघुम कळली, आणि त्या घुमघुमीत एक बाई काहीतरी म्हणते आहे हे कळलं. बाई काय म्हणते ते नाही. मग त्यांनी आपलं सत्त्याहत्तरचं लावायला सांगितलं, आणि पहिल्या सुरापासून सगळं कसं लख्ख. त्यांना हायसं वाटलं. विजयश्रीबाई गेली वीस वर्षं टीव्हीचा आवाज कमी करा म्हणत होत्या, पण तो वाढवावा लागतो हा ज्योतीरामांच्या लेखी आजकालचे लोक नीट बोलत नाहीत याचाच पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावर तसं जाहीरही केलं. परीक्षा घेतली, म्हणाले. माझं खरं निघालं.

सुमनताईंनी पिशवीतून फोन काढला. तुमचं लाडकं कुठलं ते सांगा, मी लावते, त्या म्हणाल्या. ते गाणं बाकावर सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला नुसती बासरी, ढोलकी नाही, काही नाही, आणि मग शब्द. बासरी सुरू झाली की बोट वर करायचं, असं त्यांनी सांगितलं आणि फोन मांडीवर ठेवला.

ज्योतीरामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने बोट वर केलं. बासरी वर चढते तिथे बोटही थोडं वर गेलं, खाली येते तिथे खाली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. नंदकिशोरांनी एकदा फोनकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर टाकली.

“आता शब्द येतील बघा,” ज्योतीराम म्हणाले.

शब्द आले नाहीत. त्यांनी डोळे उघडले. सुमनताईंनी फोन त्यांच्यासमोर धरला. गाणं पुढे सरकत होतं आणि आवाज शून्यावर होता.

“मी आवाज सुरू केलाच नव्हता,” त्या म्हणाल्या.

इथे दवाखान्यातली गोष्ट सांगितली पाहिजे. प्रेस शॉपवाल्यांची दरवर्षी कानाची तपासणी होई. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटन. बारीक आवाज ऐकू आला की दाबायचं. ज्याला ऐकू येईना त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकत. पॅकिंग म्हणजे प्रेस शॉपच्या भाषेत माणूस संपला. तर ज्योतीरामांना दोन वर्षांत एक गोष्ट कळली. सिस्टर आवाज देतात तो ठरावीक अंतराने देतात. मनात तीन मात्रा मोजायच्या आणि चौथीला बटन दाबायचं. तालाला ते पक्के. ऐकू येवो न येवो, ते चौथीला दाबत आणि पास होत. नुसते स्वतः पास झाले नाहीत. त्यांनी सगळ्या शॉपला तीन मात्रा शिकवल्या.

सुमनताईंना शंका आली ती एकोणनव्वदमध्ये. त्यांनी एकदा ताल मोडला. बारीक, वरच्या आवाजाच्या वेळी काहीच न वाजवता बसून राहिल्या. ज्योतीराम चौथीला दाबतच होते. सुमनताईंनी केबिनचं दार उघडून विचारलं, तेव्हा ज्योतीराम हसून म्हणाले की तुमचं मशीन खराब आहे ताई, मला सगळं ऐकू येतं. बाहेर अकरा माणसं रांगेत उभी होती. सुमनताईंनी सही केली. त्यानंतर दरवर्षी केली.

“तेव्हा तुम्हाला पॅकिंगला पाठवलं असतं तर तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या,” बागेत त्या म्हणाल्या. “आणि मला तेच नको होतं. माझी चूक आहे ती. पण आता त्या पोरावर काढू नका. नव्वदनंतर गाणी बिघडली नाहीत, ज्योतीराम. तुमचे कान गेले. बारीक आवाज आधी जातात. बासरी जाते, बाईचा आवाज जातो, शब्दांच्या कडा जातात. जुनं तुम्ही कानांनी ऐकतच नाही, तुम्हाला ते पाठ आहे.”

ज्योतीरामांनी वाद घातला नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. ते आपल्या उजव्या हाताच्या, बटन दाबणाऱ्या अंगठ्याकडे बघत बसले. मग त्यांनी एकच विचारलं, की अठ्ठ्याऐंशीपर्यंतचं तरी मी खरं ऐकलं का. सुमनताई म्हणाल्या, असेल. मग म्हणाल्या, मला माहीत नाही.

दोन दिवस ते बागेत आले नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे सुमनताई त्यांना पुढे घेऊन गेल्या, मशीनही मिळालं. आवाज मोठा झाला. गेलेला परत आला नाही. पण तो भाग नंतरचा.

तिसऱ्या दिवशी ते भोसरीला समाधानच्या घरी गेले. चहा पुढे आला, त्यांनी घेतला नाही. “तुझं साल मला ठावं न्हाई,” ते म्हणाले. “मला ऐकूच आलं न्हाई ते. कोणाला सांगितलं न्हाई आजवर, कारण मलाबी ठावं नव्हतं. गाणी तू सांग, मी लिहून घेतो.” चाळीस वर्षांत पहिल्यांदा साल लावणाऱ्याने फर्माईश विचारली. समाधानने अकरा गाणी सांगितली. ज्योतीरामांनी ती एकाखाली एक लिहिली, आणि ज्यांचे शब्द कळले नाहीत ते एकेक अक्षर विचारून घेतले.

एकतीस तारखेला पहिली शिफ्ट सुटली. बस चाकणहून तीनला निघाली. समाधान मधल्या रांगेत, गळ्यात हार, मांडीवर नारळ. ज्योतीराम ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि ते समोर बघत बसले. ढोल सुरू झाला. घुमघुम सुरू झाली. मोशीपर्यंत ते तसेच ताठ बसून होते, दुसऱ्याच्या लग्नात बसावं तसे.

मग मागे वळले. मागे चाळीस माणसं गात होती.

प्रेस शॉपमध्ये तोंडाने बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. तिथे माणूस दुसऱ्याचे ओठ वाचतो. ‘पत्रा संपला’, ‘जेवायला चल’, ‘बाप वारला’, सगळं ओठांवर. ज्योतीराम पस्तीस वर्षं तसेच ऐकत आले होते, आणि त्यानंतरही तसेच ऐकत होते. म्हणून तर कान गेल्याचा पत्ता कुणाला लागला नाही. पण गाणं ओठांवरून वाचायचं कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. गाणं टेपमधून येतं, आणि टेपला ओठ नसतात.

ते सीटवर गुडघा टेकून उलटे उभे राहिले आणि समाधानच्या तोंडाकडे बघू लागले. मुखडा कळला. पहिलं कडवं कळलं. विरहाचं होतं, साधं होतं, आणि ते सत्तरचं नाही एवढ्यावरून त्याला गलका म्हणणं अन्याय झालं असतं. चाल काय होती ते त्यांना कळलं नाही. ते आता कळणारही नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला समाधानने हाराच्या टोकाने डोळे पुसले. त्याने मान खाली घातली आणि गाणं ज्योतीरामांच्या हातून सुटलं.

त्यांनी ड्रायव्हरला टेप थांबवायला सांगितला. बस गप्प झाली. भोसरी जवळ आली होती, उतरणारे डबे गोळा करत होते. ज्योतीराम दांडीला धरून मधल्या रांगेपर्यंत गेले आणि समाधानसमोर उभे राहिले.

“दुसरं कडवं परत म्हण,” ते म्हणाले. “माझ्याकडं तोंड करून. सावकाश.”