वैज्ञानिक दृष्टिकोनाची व्याख्यानमाला

आमच्या प्राचार्यांनी ऑनलाइन व्याख्यानमाला काढली. पहिलाच विषय वैज्ञानिक दृष्टिकोन! मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि माझ्या प्रयोगशाळेत त्यांनीच मोडक्या खुर्च्या कोंबून तिला कुलूप लावलंय.

प्रास्ताविक, परिचय, सत्कार यातच अर्धा वेळ गेला. पाहुणे पुण्यात बसलेले, आणि प्राचार्य कॅमेऱ्यापुढं जवळा बाजार गावाहून आणलेला सत्काराचा नारळ धरून हसतायत. लाज कशी वाटत नाही, मी मनात म्हटलं.

शेवटी पाहुणे म्हणाले, "प्रश्न विचारा, विज्ञान तिथूनच सुरू होतं."

मी स्टाफरूममध्ये बसून स्क्रीनवर हात वर केला. पण प्राचार्यांनी सगळ्यांचे माइक बंद ठेवलेले, चॅटही बंद. माझं डोकंच फिरलं. तडक शेजारच्या त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझा माइक काहून बंद केला? मला प्रयोगशाळेच्या कुलपाचं विचारायचंय."

त्यांनी आधी स्वतःचा माइक बंद केला. मग म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम ऑनलाइन हाय. जे विचारायचं ते ऑनलाइनच विचारा."

मी दाराबाहेर पाऊल टाकते तोच मागून त्यांचा गोड आवाज आला, "कुणाचाच प्रश्न नाही, सर. आमच्याकडे सगळ्यांना विज्ञान पटलेलं आहे."